घरचाच कोच, घरचाच गडी

ओमाहाकर

नेब्रास्कात येऊन सोळा वर्षं झाली. इथे क्रिकेट नाही, समुद्र नाही, हिवाळ्यात बाहेर पाय ठेवायची सोय नाही. नाइलाजानं कॉलेज बास्केटबॉल बघायला लागलो आणि आता सौ. म्हणते तसा पार कामातून गेलोय.

विषय असा. अमेरिकेत कॉलेजचा कोच स्वतःच्या मुलाला स्वतःच्याच संघात घेतो आणि कुणाला त्यात फारसं वावगं वाटत नाही. उलट कॉमेंटेटर कौतुकानं सांगतात, कोचचा पोरगा आहे, खेळाची समज बघा! आपल्याकडे मास्तरांचा मुलगा वर्गात पहिला आला तर पेपर कुणी तपासले हे अख्खी आळी विचारते.

आमच्याच गावचं उदाहरण देतो. ग्रेग मॅकडर्मट २०१० पर्यंत आयोवा स्टेट विद्यापीठाचे कोच होते. मुलगा डग तिथल्याच एम्स हायस्कूलमध्ये. त्याच शाळेच्या संघात हॅरिसन बार्न्स, ज्याच्या दारात सगळ्या देशातले कोच रांग लावून उभे. डगकडे कुणी फारसं बघत नव्हतं, बापसुद्धा नाही. पोरगा आपल्या लीगच्या तोडीचा नाही असं ग्रेगना वाटायचं. डगनं नॉर्दर्न आयोवाकडे सही केली. तेवढ्यात ग्रेग आमच्या क्रेटन विद्यापीठात आले, नॉर्दर्न आयोवानं डगला मोकळं केलं आणि पोरगा बापामागे ओमाहात. चार वर्षांत ३,१५० गुण. ८ मार्च २०१४ ला घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात प्रॉव्हिडन्सविरुद्ध त्यानं ४५ केले, त्याच दिवशी तीन हजारांचा टप्पा ओलांडला. मी सगळ्यात वरच्या रांगेत होतो. शेजारचा मक्याचा शेतकरी आजोबा माझ्या गळ्यात पडून रडला, मीही रडलो, नाव एकमेकांचं आजतागायत माहीत नाही.

शेवटच्या वर्षाची गोष्ट जास्त मजेची. संघाकडे १३ शिष्यवृत्त्या, सगळ्या भरलेल्या. ग्रँट गिब्ज नावाच्या दुखापतींनी बेजार झालेल्या खेळाडूला अनपेक्षितपणे सहावं वर्ष खेळायची परवानगी मिळाली. त्याला द्यायला शिष्यवृत्तीच नाही. तेव्हा डगनं स्वतःची सोडली. देशातला अव्वल खेळाडू कागदोपत्री 'वॉक-ऑन', म्हणजे विनाशिष्यवृत्तीचा, आणि फीचा भार बापाच्या खिशावर!

हे सगळं गोडच आहे. पण मला एक प्रश्न छळतो. डगचा हात चालला म्हणून सगळं सुरळीत झालं. नसता चालला, तर त्याला बाकावर बसवायचा निर्णय कुणी घ्यायचा? आणि घेतल्यावर घरी जेवायला एकत्र कसं बसायचं?

विचारण्याला कारण आहे. इथल्या बारा वर्षांखालच्या मुलांच्या संघाला मी हौसेनं शिकवतो. पुढच्या महिन्यात गावोगावी खेळायला जाणारा दहा जणांचा संघ निवडायचाय. आमचे चिरंजीव माझ्या हिशेबानं दहावे किंवा अकरावे. दुसरा जो दहावा किंवा अकरावा आहे, तो आमच्या शेजाऱ्यांचा.

खडूस_पार्लेकर

आपल्याकडे असली की घराणेशाही, तिकडे असली की रक्तातला खेळ. चालू द्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

निशिगंधा_अटलांटा

छान धागा. आमच्या जॉर्जिया स्टेटची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१५. कोच रॉन हंटर, मुलगा आर. जे. त्यांच्याच संघात. लीगचं विजेतेपद साजरं करताना कोचसाहेबांनी उडी मारली आणि टाचेची शीर तुटली. म्हणून पुढच्या राष्ट्रीय स्पर्धेत ते बाजूला चाकाच्या स्टुलावर बसून कोचिंग करत होते. समोर बलाढ्य बेलर. शेवटची अडीच-तीन मिनिटं आणि आपण १२ गुणांनी मागे. मी ऑफिसात डबा उघडून मोबाइलवर बघत होते, बंद करणार तेवढ्यात पोरगा पेटला. शेवटच्या तीन सेकंदांत दोन गुण कमी असताना त्यानं लांबून, म्हणजे अगदी वर्गाच्या मागच्या बाकावरून फळ्यावर खडू मारावा तसा, तीन गुणांचा बास्केट टाकला. ५७-५६. आणि बाप स्टुलावरून थेट जमिनीवर आडवा! पोळी हातात तशीच राहिली माझी.

त्या क्षणी वशिला वगैरे काही डोक्यात येत नाही हो. पडलेला बाप दिसतो फक्त.

ओमाहाकर

@निशिगंधा, त्या सामन्यात समोरच्या बाकावर कोण होतं आठवतंय? बेलरचे स्कॉट ड्रू. हे स्वतः कोचचे चिरंजीव. वडील होमर ड्रू इंडियानातल्या व्हॅल्परायझो या छोट्या कॉलेजचे कोच, स्कॉट तिथेच त्यांच्या हाताखाली सहायक, आणि धाकटा भाऊ ब्राइस त्यांच्या संघात गार्ड. १९९८ साली मिसिसिपीविरुद्ध अडीच सेकंद शिल्लक, दोन गुणांनी मागे. लांब फेक, मध्ये उंच उडी मारून एकानं चेंडू ढकलला, ब्राइसनं पळता पळता घेतला आणि टाकला. ७०-६९. या चालीला त्यांनी 'पेसर' नाव ठेवलं होतं आणि ती सरावात घोटून ठेवली होती. आजही दर मार्चमध्ये टीव्हीवर दाखवतात.

आणि आमच्या डगचा शेवटचा सामना? २०१४, सॅन अँटोनियो, बेलरकडून ८५-५५ असा धुव्वा. म्हणजे एका कोचपुत्रानं दुसऱ्याचं कॉलेज संपवलं आणि वर्षभरात तिसऱ्यानं त्याची परतफेड केली. महाभारतच.

तांबडी_माती

मी कोल्हापूरचा, बास्केटबॉलमधलं ओ का ठो कळत नाही. पण वस्तादाचं पोरगं तालमीत असलं की काय होतं ते लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या वस्तादांचा मुलगा माझ्याच वयाचा. पहाटे सगळ्यांत आधी त्याला उठवायचे, हौद्यातली माती उकरायला तो, पाणी मारायला तो, आणि जोर कमी पडले तर पहिली काठी त्याच्या पाठीवर. आम्हाला नुसता दम. त्याच्या आईनं दिलेल्या बदामातले निम्मे तो आम्हाला द्यायचा, का तर आम्ही त्याच्याशी बोलावं म्हणून.

कुस्तीत बरं असतं. पाठ मातीला लागली की लागली. बाप वस्ताद असो नाहीतर महाराज. तुमच्या खेळात पाच जण आत, बाकीचे बाहेर, आणि कुणी किती वेळ आत राहायचं ते बाप ठरवणार. मग गडी भारी आहे की बाप भारी आहे, कळायचं कसं?

तरी खरं सांगायचं तर आमच्याकडेही पळवाट आहेच. जत्रेत जोड कोण लावतं? वस्तादच. पोराला सोपी जोड लावत गेलं की चार वर्षांत पोरगं अजिंक्य.

आकडेमोड

तांबडी_माती यांनी नेमकं बोट ठेवलंय. 'किती वेळ आत' आणि 'किती वेळा चेंडू हातात' या दोन गोष्टी कोचच्या हातात असतात.

पीट मॅराविच. १९६७ ते ७० लुइझियाना स्टेटकडून तीन हंगाम, ८३ सामने, ३,६६७ गुण, सामन्याला सरासरी ४४.२. पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य संघात खेळू देत नसत आणि तीन गुणांची रेषाही नव्हती, हे धरून. कोच कोण? तीर्थरूप प्रेस मॅराविच. पीटचे सामन्याला सरासरी ३८ शॉट असत. बापाशिवाय जगातल्या कुठल्या कोचनं एका गड्याला ३८ शॉट मारू दिले असते? आणि त्या तीन वर्षांत संघ एकदाही मुख्य राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचला नाही.

आता पुढचं ऐका. हा विक्रम मोडायच्या सगळ्यात जवळ कोणता पुरुष खेळाडू गेला? डेट्रॉइट मर्सीचा अँटवान डेव्हिस. ३,६६४. तीन गुण कमी, म्हणजे एक लांबचा बास्केट! कोच? वडील माइक डेव्हिस. कोविडमुळे मिळालेलं जादा वर्ष धरून त्याला १४४ सामने मिळाले. मार्च २०२३ मध्ये शेवटच्या सामन्यात बरोबरीला २५ हवे होते, झाले २२. एखाद्या छोट्या स्पर्धेचं आमंत्रण येईल आणि आणखी एक सामना मिळेल अशी आशा होती. संघानं १४ जिंकलेले, १९ हरलेले. आमंत्रण आलं नाही.

पुरुषांच्या यादीत पहिले दोन्ही बापाच्या हाताखाली खेळलेले, हा योगायोग मी मानत नाही.

खडूस_पार्लेकर

तीन गुणांनी हुकलं?? बापानं एक जादा टाइमआउट घ्यायचा ना राव.

शिकागोची_मावशी

तुम्ही सगळे टीव्हीवरच्या बापलेकांबद्दल बोलताय. मी बाकावरच्या मुलाची आई आहे, माझंही ऐका.

माझ्या मुलाच्या हायस्कूल संघात (शाळेचं नाव सांगत नाही) कोचचा मुलगा त्याच जागेवर खेळायचा. तो वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण चूक त्याच्याकडून झाली की कोच टाळ्या वाजवून 'पुढचं बघ' म्हणायचे, आमच्याकडून झाली की हॉर्न वाजून बदली. मुलगा परत येऊन बाकावर बसला की टॉवेल डोक्यावर घ्यायचा. मला वाटायचं घाम पुसतोय. एकदा धुवायला घेतला तेव्हा बघितलं, एका कोपऱ्यात दातांनी चावून चावून भोकं पाडली होती.

इथे याला 'डॅडी बॉल' म्हणतात. शब्द आहे म्हणजे दुखणं जुनं आहे.

तक्रार करायला गेलो नाही. कुणाकडे करणार, बुकं तपासणारा तोच आणि निकाल लावणारा तोच. हे माझं वैयक्तिक मत, पण ओमाहाकर, शेजाऱ्यांच्या मुलाच्या टॉवेलचा विचार करा.

बॉस्टनचे_बाबूराव

मावशी, +१००. काटा आला.

लॉसएंजेलीसकर

दुसरी बाजू. मी यूसीएलएत, म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, शिकत होतो तेव्हा स्टीव्ह आल्फर्ड कोच झाले. मुलगा ब्राइस आधी न्यू मेक्सिकोला जाणार होता, कारण बाप तिथे होता. बाप इकडे आला, पोरगा इकडे. आम्ही विद्यार्थ्यांनी त्याला काय काय बोलून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच संघात झॅक लव्हीन होता, पुढे एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये चमकला, आणि आम्हाला वाटायचं की ब्राइसमुळे त्याला चेंडू मिळत नाही.

मग २०१५ चा एसएमयू (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ) विरुद्धचा सामना. ब्राइसचे तीन-तीन गुणांचे नऊ बास्केट. शेवटचा तर खरं म्हणजे चुकत होता, पण खाली येत असताना समोरच्या गड्यानं हात लावला आणि पंचांनी गुण दिले, ६०-५९. कॉलेज सोडताना यूसीएलएच्या इतिहासात सर्वाधिक थ्री-पॉइंटर त्याच्या नावावर. तरी माझे मित्र अजून म्हणतात, इतके शॉट मिळाले तर मीही मारले असते. पोरगं काहीही करो, लोक बापालाच बघतात. मला आता त्या मुलाबद्दल वाईट वाटतं.

सदाशिव_पेठी

विषय निघालाच आहे तर अर्जुन तेंडुलकर

खडूस_पार्लेकर

आला! कोण आणणार याचीच वाट बघत होतो.

सदाशिव_पेठी

अहो पूर्ण लिहू तर द्या. चुकून बटण दाबलं गेलं. २०२१ च्या लिलावात मुंबईनं त्याला मूळ किमतीला, २० लाखांना घेतलं. सचिन त्याच संघाबरोबर. लोकांनी काय झोडपलं! पण सचिन कोच नव्हता, बोली त्यानं लावली नव्हती, आणि अर्जुन दोन हंगाम बाकावरच होता. पुढे मुंबईच्या रणजी संघात जागा दिसेना तेव्हा पोरगा गोव्याला गेला आणि डिसेंबर २०२२ मध्ये पदार्पणातच शतक. बापाच्या सावलीतून उठून पर्वरीच्या उन्हात जावं लागलं.

बॉस्टनचे_बाबूराव

चांगला मुद्दा आहे, पण कृपया इथेच थांबूया. तेंडुलकर आला की धाग्याचा काश्मीर व्हायला वेळ लागत नाही.

आयोवासिटीची_कन्या

वाचतेय. विद्यापीठातच काम करते म्हणून जरा नियमांचं. बऱ्याच विद्यापीठांत कर्मचाऱ्यांच्या मुलांना फीत सवलत असते, त्यामुळे कोचचा मुलगा शिष्यवृत्ती न अडवता संघात येऊ शकतो. म्हणून बऱ्याच संघांत शेवटच्या बाकावर एखादा कोचपुत्र बसलेला दिसतो, त्यावर कुणी भांडत नाही.

भांडण पगारावरून होतं. आमच्या आयोवाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कोच कर्क फेरेंट्स. मुलगा ब्रायन आधी त्यांच्याकडून खेळला, मग २०१७ पासून आक्रमणाचा मुख्य सहायक. सरकारी विद्यापीठ, नातेवाइकाच्या हाताखाली नोकरी चालत नाही. तोडगा काय? कागदावर ब्रायन वडिलांना नाही तर क्रीडा संचालकांना उत्तरदायी! एकाच मैदानावर, एकाच हेडसेटवर. संघाचं आक्रमण इतकं रडकं झालं की २०२३ च्या करारात पगार कापून अट घातली, सामन्याला सरासरी २५ गुण झाले पाहिजेत. ब्रूअरीत, न्हाव्याकडे, जिथे जावं तिथे लोक आकडेमोड करत होते. हंगाम संपायच्या आधीच, ऑक्टोबरअखेर, पुढच्या वर्षी ब्रायन नसेल असं जाहीर झालं. संघानं त्या वर्षी दहा सामने जिंकले तो भाग वेगळा.

अवांतर: आयोवाचे कुस्तीचे दैवत डॅन गेबल, १५ राष्ट्रीय विजेतेपदं. त्यांना चार मुलीच. सुटले बिचारे. तांबडी_माती यांच्यासाठी खास.

तांबडी_माती

हाहा. गेबल नाव आमच्या तालमीतसुद्धा माहीत होतं बरं का. भिंतीवर फोटो होता, हनुमानाच्या शेजारी.

निशिगंधा_अटलांटा

आणि लेकींचं काय? आई कोच, मुलगी संघात असं कुणी लिहिलंच नाही. किम मल्की यांची मुलगी मॅकेन्झी बेलरमध्ये आईच्याच हाताखाली खेळली. २०१२ चा तो संघ ४० पैकी ४० जिंकला. फिरून बेलरच! पण तिच्यावरून कुणी गदारोळ केल्याचं आठवत नाही. मुलींच्या खेळात पैसा कमी होता म्हणून, की आया जास्त हिशेबी म्हणून?

शिकागोची_मावशी

दोन्ही.

बोल्डरचा_बंड्या

पैशांवरून आठवलं. कोलोरॅडोत राहून आमचे फुटबॉल कोच डिऑन सँडर्स यांच्यावर लिहिलं नाही तर पाप लागेल. डिसेंबर २०२२ मध्ये साहेब आले तेव्हा आमचा संघ १२ पैकी ११ हरलेला. पहिल्याच बैठकीत जुन्या पोरांना सांगितलं, मी माझं सामान घेऊन येतोय आणि ते लुई व्हिताँचं (महागडा ब्रँड) आहे, तुम्ही दुसरीकडे बघा. पन्नासच्या वर पोरं गेली. सामानात दोन मुलगे होते, शेड्यूर क्वार्टरबॅक आणि शायलो बचावात. दोघांनाही आधीच्या जॅक्सन स्टेटमधून आणलं.

मला राग त्या पन्नासांचा येतो. पण पहिल्या वर्षी ४ जिंकले, ८ हरले आणि मग ९ जिंकले, ४ हरले असं झालं, आणि २०२३ मध्ये शेड्यूर पन्नासच्या वर वेळा मैदानात आपटला गेला आणि तरी उठला, हेही मी थंडीत कुडकुडत बघितलंय. कुठला वशिल्याचा तट्टू इतका मार खातो? मग २०२५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या फेरीत जाणार म्हणून घरी पार्टी मांडली, आणि नंबर लागला पाचव्या फेरीत, १४४ वा. एनबीए, एनएफएलवाल्यांना बापाचं कौतुक नसतं.

आता तर जुलै २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. म्हणजे मिनिटांबरोबर पाकीटही बापच वाटणार.

आकडेमोड

उलटा सौदाही असतो बरं. पोरगा हवा म्हणून बापालाच नोकरी द्यायची. १९८३ मध्ये कॅन्ससच्या लॅरी ब्राउननी एड मॅनिंग यांना सहायक कोच केलं. ते एकेकाळचे व्यावसायिक खेळाडू, पण तेव्हा ट्रक चालवत होते. मुलगा डॅनी नॉर्थ कॅरोलिना सोडून आला, १९८८ मध्ये कॅन्सस राष्ट्रीय विजेता. बैल हवा तर आधी दावण विकत घ्या.

सदाशिव_पेठी

प्रतिसाद काढून टाकला आहे.

बॉस्टनचे_बाबूराव

सिरॅक्यूजचे जिम बोहाइम राहिले. २०२१-२२ मध्ये दोन्ही मुलगे एकाच वेळी संघात, थोरला जिमी खास शेवटच्या वर्षासाठी कॉर्नेलमधून आलेला. धाकट्या बडीच्या खेळाला कुणी नावं ठेवू शकलं नसतं. आणि नेमकं त्याच वर्षी १६ जिंकले, १७ हरले. कोचच्या ४६ हंगामांतला पहिला तोट्याचा हंगाम. वर बडीनं एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या पोटात गुद्दा मारला म्हणून त्याला एका सामन्याची बंदी, तीही लीगनं घातली. बापाला घालावी लागली नाही. ओमाहाकरांच्या प्रश्नाचं उत्तर इथे असावं: बसवणारा बाहेरचाच लागतो.

उलट टोक म्हणजे इंडियानाचे बॉबी नाइट. १९९३ मध्ये भर सामन्यात बाकावर बसलेल्या स्वतःच्या मुलाला, पॅटला, लाथ मारली. विद्यापीठानं कोचलाच एक सामना घरी बसवलं. वस्तादाच्या पोराला पहिली काठी, ती हीच.

ओमाहाकर

सगळ्यांना धन्यवाद. बाबूरावांचं ऐकलं. शनिवारी निवड झाली.

दुसऱ्या वयोगटाच्या दोन कोचना बोलावलं, पोरांच्या पाठीवर फक्त आकडे लावले आणि मी जिमच्या बाहेर कॉफी घेऊन उभा राहिलो. दाराला छोटी काच आहे. बघायचं नाही ठरवलं होतं, तीनदा बघितलं. १७ नंबर आमचा. ले-अप दोन चुकले.

यादी आली. चिरंजीव अकरावे. शेजाऱ्यांचा आत.

गाडीत बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मंगळवारी मला प्रॅक्टिसला यायचं नाही."
म्हटलं, नाही.
"पण तू जाणार?"
"हो."
"सव्वासहालाच?"
"हो."
मग घरापर्यंत दोघंही गप्प.

खडूस_पार्लेकर

आज पॉपकॉर्न खाली ठेवलं राव. मंगळवारी काय झालं ते लिहा.